भातुकलीची घरभरणी

१

घर बदलताना आधी देव न्यावेत, मग पाण्याचा भरला हंडा, मग मीठ, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारभारी शेवाळ्यांनी आधी रेकॉर्डी नेल्या. रेकॉर्डींच्या मागोमाग खेळण्यांच्या पेट्या. टेम्पोवाला आपटेल, फोडेल, म्हणून हा माल त्यांनी त्याच्या हाती दिलाच नाही. मांडीवर फोनो, म्हणजे त्यांचा चावीचा ग्रामोफोन, घेऊन रिक्षात बसले आणि पंचवटीपासून सिडकोपर्यंत दर खड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार करत आले. शेजारी त्यांची बायको सिंधुबाई, तिच्या मांडीवर भातुकलीची पेटी. देव, स्टो, धान्याचे डबे, सगळं मागून टेम्पोत.

कारभारी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बुधवारी सुटी मिळाली की गोदाकाठच्या बाजारात जायचे आणि कुणाची तरी टाकून दिलेली खेळणी घेऊन यायचे. चावीची पत्र्याची आगगाडी, लाकडी बाहुल्या, मातीचे बैल, आणि जुन्या रेकॉर्डी तर विचारूच नका. लोक तोंडावर पदर धरून हसायचे की घरात पोर नाही आणि हा बाबा खेळणी गोळा करतोय. सिंधुबाईला ते हसू झोंबायचं. पण तिने त्यांना कधी अडवलं नाही, कारण ती पितळी भातुकली तिचाही जीव होती. आज तवा मिळाला, पुढे कधीतरी परात, मग चूल, घागर, पळी, जातं, असा एकेक नग वेचून तो संसार उभा राहिला होता. चूल तर ओंजळीत मावेल एवढी.

आणि आता घरात पोर येणार होती. सिंधुबाईची धाकटी बहीण वत्सला, कळवणकडच्या खेड्यात दिलेली, कावीळ होऊन गेली. तिच्या नवऱ्याने, सहादूने, वर्ष सरायच्या आत दुसरी केली. त्या नव्या बाईला वत्सलाची पोर डोळ्यांसमोर नको होती. पोरीचं नाव कुसा. सहादू उन्हाळ्यापुरती तिला मावशीकडे ठेवणार होता. रमली तर कायमची द्यायची, नाही तर परत न्यायची, असं ठरलं होतं. सिंधुबाईने सिडकोतलं हे दीड खोलीचं घर आणि मागे काढलेली खोली घ्यायला लावली ती त्या पोरीसाठीच. देवाने आपल्याला पोटचं दिलं नाही, पण हे तरी देईल, असं ती उघड बोलून दाखवायची.

मुहूर्त पंचांगात बघून काढलेला होता. टेम्पो मात्र द्वारका चौकात बंद पडला, तसा निरोप आला. आता दूध उतू कशावर घालायचं? शेजारची लताबाई दुधाची कपबशी घेऊन आली होती, तीही हिरमुसली. तेवढ्यात कारभारी म्हणाले, चूल आहे की आपल्याकडे. आणि हसत हसत त्यांनी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पाटावर भातुकली मांडली. चुलीत कापूर आणि नारळाच्या शेंड्या घातल्या. सिंधुबाईने काडीच्या टोकाने त्या एवढ्याशा चुलीला हळदकुंकू लावलं, पितळी पातेल्यात दूध घातलं, आणि अशा वेळी लक्ष्मीला घरात यायचं आवतण द्यायला जे म्हणायचं असतं ते हात जोडून म्हणाली. कारभाऱ्यांनी फोनोवर सनई लावली. चमचाभर दूध ते, भसकन वर आलं आणि पूर्वेला सांडलं. लताबाईने टाळ्या वाजवल्या. सगळेच पोट धरून हसले.

टेम्पो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मग देव मांडले, स्टो पेटला, चहा झाला. पुन्हा दूध उतू घालायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एकदा झालं होतं ना.

२

मागची खोली लावायला कारभाऱ्यांनी रजा टाकली. भिंतीला फळ्या ठोकल्या. रेकॉर्डी एकावर एक रचायच्या नसतात, वाकतात; त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, मध्ये पुठ्ठे घातले. वरच्या फळीवर खेळणी. समोर स्टुलावर फोनो. भातुकली राहिली तिथेच कोपऱ्यात, पाटावर, कारण फरशीवर राखेचा डाग पडला होता आणि तो झाकला गेलेला बरा.

पहिल्या पाळीवरून आले की चहा घेत एक रेकॉर्ड ऐकायची, हा त्यांचा जुना नेम. नव्या खोलीत आवाज फार गोड लागत होता. सिंधुबाई दारात बसून गहू निवडायची आणि ऐकायची. गाणं संपलं की पिन आतल्या कडेला जाऊन खरखरत राहते, ते काही नवीन नव्हतं. त्या खरखरीत भांडी वाजत होती, हे नवीन होतं.

कारभाऱ्यांनी पिन बदलली. फळीवरची खेळणी थरथरत असतील म्हणून खाली फडकी घातली. दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली. गाण्यात काही नाही. गाणं थांबलं की भांडी. मग म्हणाले, त्या काळी गाणं भरायच्या खोलीत चहाची भांडी ठेवत असतील. फिटर माणूस, त्याला कारण सापडलं की त्याचं समाधान होतं. पण सिंधुबाईचा जन्म भांडी घासण्यात गेला होता. ते नुसतं वाजणं नव्हतं. आधी राखेने घासल्याचा आवाज, मग पाण्यात बुडवल्याचा, मग पालथं घातल्याचा. कुणीतरी बाई जेवणं आटोपून मागचं आवरत होती, आणि फार निगुतीने आवरत होती.

इकडे तिचा स्वयंपाक बसेना. स्टोवर दूध ठेवलं की तापायचं, साय धरायचं, पण वर म्हणून यायचं नाही, आणि घटकाभरात फाटायचं. भात कच्चा राहायचा. तिने वाती बदलल्या, दूधवाला बदलला, रॉकेलवाल्याशी भांडली. लताबाई म्हणाली, नव्या घरात हात बसायला वेळ लागतो. असेल बाई, म्हणाली सिंधुबाई. पण त्याच सुमारास मागच्या खोलीचा केर काढताना तिचा हात भातुकलीच्या पातेल्याला लागला, तो चटका बसून मागे आला.

खिडकी पश्चिमेची. पितळ उन्हात तापणारच. तिने खिडकीला जुनं पातळ बांधलं. दुसऱ्या दिवशी, ऊन खिडकीवर यायच्या आत, तिने पुन्हा पातेल्याला बोट लावलं. ते गरमच होतं, आणि त्याच्या बुडाला आदल्या दिवशी नसलेली काजळी होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, शेवाळ्यांच्या बाईला वेड लागलं एवढंच ऐकावं लागलं असतं, आणि वेड्या बाईकडे पोर कोण देतं?

३

सहादू कुसाला घेऊन आला. पोर म्हणजे नुसती कातडी आणि डोळे. पाठीवर चुलीतल्या लाकडाचा डाग होता, तो सिंधुबाईने अंघोळ घालताना पाहिला. सहादू ओसरीत बसून चहा प्याला. त्याच्या बोलण्यात ना माया ना लाज.

"बघा बाई, लय हट्टी हाय पोरगी. खाल्लं तर खाल्लं. उन्हाळाभर ठेवा. रमली तर तुमची. वाळली तर मी घेऊन जाईन, मंग पुन्हा दारात यायचं नाय."

कुसाला परत पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं, ते त्या डागाने सांगितलंच होतं. सिंधुबाईने मनाशी गाठ मारली की वाटेल ते करीन, पण ही पोर त्या घरी जाणार नाही.

कारभाऱ्यांनी कुसाला मागची खोली दाखवली. खेळण्यांना कुणाला हात लावू न देणारा हा माणूस, त्याने आगगाडीला चावी देऊन ती तिच्या हातात दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि सरळ कोपऱ्यात भातुकलीपाशी जाऊन बसली. मग दुपारच्या दुपारी ती तिथेच. दार लोटून घ्यायची. आतून बोलल्याचा आवाज यायचा, थांबायचा, जणू कुणाचं ऐकून घेतेय. मुलं खेळताना बोलतातच, म्हणून सिंधुबाई सुखावली. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले, हे मान्य करायला हवं.

मग कुसाने ताटावर बसायचं सोडलं. पोट भरलंय म्हणायची. सिंधुबाईने शिरा केला, थालीपीठ केलं, कळवणकडच्या पद्धतीने नागलीची भाकरी थापली. पोर एक तुकडा तोंडात घोळवायची आणि हळूच बाहेर काढायची. पण पोर वाळेना. उलट गालावर तकाकी आली, केस दाट झाले, मनगटं भरली. लताबाईने तिचा गालगुच्चा घेतला आणि विचारलं, काय घालता हो पोरीला, आम्हालाही सांगा की. सिंधुबाईने हसून वेळ मारून नेली. आपण तर काहीच घातलेलं नाही, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं?

खरं सांगायचं तर तिला भीतीच्या आधी मत्सर वाटला. आपल्या हातचं नको आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं गोड लागतंय, ही गोष्ट तिला खुपली.

४

एका सकाळी वेणी घालताना तिने विचारलंच. खालच्या आवाजात, सहज विचारावं तसं विचारलं, की दुपारी काय खातेस गं तू.

"वरणभात. तूप असतं वर."

"कोण देतं?"

"घरच्या बाई."

सिंधुबाईच्या हातातली वेणी तशीच राहिली. "अगं, घरची बाई मी."

कुसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत खोडसाळपणा नव्हता. मोठ्या माणसाचा काहीतरी घोटाळा झालाय आणि तो कसा सांगावा, अशी ती नजर होती.

"तू पाहुणी आहेस ना, मावशी? त्या म्हणतात, पाहुण्यांनी किती दिवस राहायचं ते पाहुण्यांना कळायला पाहिजे."

सिंधुबाईने वेणी पुरी केली, रिबीन बांधली. पोर उड्या मारत मागच्या खोलीत गेली. त्या दिवशी स्टो पेटेचना. काड्या संपल्या, पण स्टो पेटला नाही.

कारभारी आल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. ते चहा मागत होते, चहा नव्हता, तिथूनच ते चिडलेले. म्हणाले, सावत्र आईखाली वाढलेली पोर, मनाने काहीतरी जोडते. उगाच डोक्यात घेऊ नकोस. मग फोनो लावायला आत गेले. गाणं संपल्यावर ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा मिशीला तुपाचा वास होता. तो आपल्याला भास झाला, असं सिंधुबाईने ठरवून टाकलं.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती उठली. अख्खी सिडको उन्हाने झोपवलेली, रस्त्यावर कुत्रं नाही. मागच्या खोलीचं दार पुढे केलेलं होतं. तिने बोटाने ते सारलं.

कुसा पाठमोरी मांडी घालून बसली होती. तिच्यापुढे चूल होती, चुलीत लाकडं धगधगत होती, पातेल्यातून वाफ येत होती, भिंतीशी घागर होती. सिंधुबाईला आधी काहीच वावगं वाटलं नाही, आणि नंतर नेमकं तेच आठवून तिला घाम फुटायचा. कुठल्याही घरात असावं तसं ते स्वयंपाकघर होतं. चांगलं मोठं होतं. मग तिच्या ध्यानात आलं की कुसा त्या घागरीच्या खांद्यालासुद्धा लागत नाही. मांडी घालून बसलेली सात वर्षांची पोर घागरीपुढे भावलीएवढी दिसत होती.

चुलीच्या पलीकडे लुगड्याचा काठ होता. हिरवा, सुताचा, धुऊन धुऊन विटलेला. तो हलला. एक पळी खाली येऊ लागली, आणि पळी धरणारं मनगट वर कुठे जातं ते बघायला मान वर करावी लागली असती, फार वर करावी लागली असती. सिंधुबाईने मान वर केली नाही. डोळे मिटले आणि हात पुढे घातला. हात जितका लांब जायला हवा होता त्याहून कितीतरी लांब गेला. बोटांना वेणी लागली, ती मुठीत धरून तिने ओढली.

पोर किंचाळत बाहेर आली. दोघी ओसरीत पडल्या. सिंधुबाईने डोळे उघडले तर खोली खोलीएवढीच होती, फळ्यांवर रेकॉर्डी उभ्या, कोपऱ्यात पाटावर भातुकली. कुसाच्या हनुवटीला भाताची शितं लागली होती. शितं अख्खी, नीट शिजलेली, लांबट. एकेक शीत खसखशीच्या दाण्याएवढं होतं.

कुसा तिच्या दंडाला चावली. दात हाडापर्यंत लागले. "मी जेवत होते," एवढंच ती म्हणत राहिली.

६

भातुकली घराबाहेर काढण्यावरून नवराबायकोत जे भांडण झालं ते अख्ख्या ओळीने ऐकलं. कारभारी कधी आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "तुला पोर सांभाळायची अक्कल नाही, आणि खापर माझ्या खेळण्यांवर." मूल नाही यावरून लग्नापासून कधी न मारलेला टोमणा त्यांनी मारला होता. शेवटी त्यांनीच भातुकली गोणपाटात बांधली आणि कारखान्यातल्या आपल्या कपाटात नेऊन ठेवली. खोलीला कडी लागली.

कुसाच्या पोटात अन्न राहिना. दूध, पेज, बिस्किट, काहीही द्या, गिळलं की उलटी. सिंधुबाईने तिला लताबाईकडे जेवायला बसवलं, शालिमारच्या खानावळीत नेलं, पंचवटीत जुन्या शेजारणीकडे नेलं. तिला वाटलं, आपलं घर नको तर दुसऱ्याचं चालेल. कुठलाच घास खाली उतरला नाही. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, सलाइन लावलं, आणि पोरीने धसका घेतलाय म्हणाला. चार घरांत कुजबुज सुरू झाली की शेवाळीण बहिणीच्या पोरीला उपाशी मारतेय. लताबाई दारावरून जाताना दुसरीकडे बघू लागली. आणि कळवणच्या एसटीने आलेल्या कुणीतरी सहादूचा निरोप आणला की येत्या रविवारी येतो, पोरगी बघतो.

त्याने नेली तर तिथेही पोर जेवणार नव्हतीच. तिथे तर कुणी विचारणारही नव्हतं. पोरीचं मरण आता फक्त कुणाच्या दारात यायचं एवढंच ठरायचं होतं.

कुसा ओसरीत पडून असायची, तोंड त्या कडी लावलेल्या दाराकडे. रडत नव्हती. सिंधुबाई तिचं डोकं मांडीवर घ्यायची, ते तिला हलकं लागायचं. आणि दारामागे, भातुकली सातपूरला कुलपात असताना, रोज दुपारी भांडी वाजायची. फोडणीचा वास यायचा. सिंधुबाईच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटायचं, तिचंही नीट जेवण कैक दिवसांत झालं नव्हतं.

७

शनिवारी तिने कारभाऱ्यांना भातुकली परत आणायला लावली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. गोणपाट सोडलं, एकेक भांडं पुसून पाटावर मांडलं, आणि कुसाला उचलून समोर बसवलं. पोर बसायलाही धड राहत नव्हती. सिंधुबाईने दार लोटून घेतलं आणि बाहेर थांबली.

काहीच झालं नाही. तिने आत डोकावलं. चूल गार, पातेलं गार. कुसा दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. बराच वेळ गेला. मग पोरीने मान खाली घातली आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं रडली.

तेव्हा सिंधुबाईला कळलं की घरच्या बाई रुसल्या आहेत. रुसवा काढायचा तर मान कुणी तुकवायची, हेही कळलं. तिचा नुसता संताप झाला. हे घर तिने मागून घेतलं होतं, ही पोर तिच्या बहिणीची होती, आणि ही कोण कुठली. त्या संतापासकट ती उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली. आत पाऊल टाकलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "चुकलं माझं. घर तुमचं आहे. पोरही तुमची. तिला वाढा. मला पाहुणी म्हणू नका, मी कामाला येत जाईन. भांडी घाशीन, केर काढीन. मागच्या दाराने येईन, मागच्या दाराने जाईन. तिच्यावर हक्क सांगणार नाही. पण तिला वाढा."

खोलीत सगळं थांबल्यासारखं झालं. मग बांगड्या वाजल्या. त्या जवळ वाजल्या की वरून कुठून, ते तिला सांगता आलं नसतं. पातेल्याच्या काठावर पळी झटकल्याचा आवाज आला, आणि कुसाने लगबगीने ताटली पुढे ओढली. सिंधुबाईने कपाळ फरशीला टेकवलं होतं. ती तशीच राहिली. पोर जेवतेय हे तिला नुसतं ऐकू येत होतं, भुरके मारून, मागून घेऊन जेवतेय.

तिने डोकं उचललं तेव्हा उंबऱ्यावर, तिच्या नाकासमोर, एक पितळी पातेलं होतं. खरकटं, घासायला टाकलेलं.

ते ठेवताना तिने कुणाला पाहिलं नाही. पदर खोचून ती पातेलं घेऊन मोरीवर गेली.

८

रविवारी सहादू आला तो सायंकाळी, बस चुकली म्हणून वैतागलेला. एका दिवसात पोरीच्या तोंडावर टवटवी आली होती. त्याने तिला उभं केलं, दंड चाचपले, जनावर पारखावं तसं पारखलं. लोक काहीच्या बाही बोलतात म्हणाला आणि परत गेला. मग उन्हाळा सरता सरता तो पुन्हा आला. तोवर कुसा चांगली अंगाने भरली होती, शाळेत नाव घातलं होतं, फोनोला चावी कशी द्यायची ते शिकली होती. कारभारी तिच्याजवळ बसून रेकॉर्डी पुसत होते. त्यांचा कारखान्याचा डबा आता मागच्या खोलीतून भरून यायचा. तो कोण भरतं, ते दोघं नवराबायको बोलत नव्हते. तशी बोलणीच संपली होती.

सहादूला बरं वाटलं, किंवा जबाबदारी टळली याचा आनंद झाला असेल. तो ओसरीत ऐसपैस बसला.

"रमली की हो. घ्या मंग. पोरगी तुमची. मी काय आता येत नाय न्यायला."

हेच ऐकण्यासाठी सिंधुबाईने जिवाचं रान केलं होतं. ती दारात उभी होती, हात राखेने माखलेले. तिला वाटलं आता आपण रडणार, पण रडू आलं नाही.

सहादू पोरीला म्हणाला, मावशीच्या पाया पड, तिने तुला वाढवली. कुसाने आधी बापाकडे पाहिलं, मग ओसरीभर नजर फिरवली.

"कोणती मावशी?"

सहादू हसला. कारभाऱ्यांनी हातातली रेकॉर्ड पुन्हा पुसायला घेतली. कुसाची नजर फिरत फिरत दारापाशी आली, सिंधुबाईवर थांबली, आणि चांगल्या घरची पोर मोठ्यांशी बोलते तशा आदबीने ती म्हणाली,

"बाई, भांडी झाली असतील तर जा तुम्ही घरी."

सिंधुबाईने हात धुतले. खोचलेला पदर सोडला, चपला घातल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडली. आतून कुणीतरी कडी लावून घेतली. गल्लीत अजून ऊन होतं, पोरं लगोऱ्या खेळत होती, लताबाईच्या दारात वाळवण घातलेलं होतं. सिंधुबाई जरा वेळ तिथे उभी राहिली आणि मग चालायला लागली. कुठल्या घरी, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.